हिरवळीच्या बुरशीजन्य रोगांवर पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांसाठी

पीएच.डी.ची जागा स्वीकारण्यापूर्वी काम प्रामुख्याने प्रयोगशाळेत आहे की प्रत्यक्ष मैदानावर, हे मार्गदर्शकांना स्पष्टपणे विचारून घ्यावे. कारण बुरशीनाशकांना निर्माण होणाऱ्या प्रतिकाराचा जनुकीय अभ्यास आणि गोल्फच्या मैदानावरील फवारणीच्या चाचण्या यांचा दिनक्रम अगदी वेगळा असतो, आणि मैदानावरचा हंगाम हुकला की बहुधा वर्षच वाया जाते.

मैदानावरच्या कामाचे उदाहरण म्हणून डॉलर स्पॉट हा गवताचा बुरशीजन्य रोग पाहावा. सकाळी दव असेपर्यंत पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे कवकजाल (बुरशीच्या तंतूंचे जाळे) दिसते. ऊन चढले की ते विरते आणि मागे उरतात ते लालसर-तपकिरी कडांचे फिकट चट्टे. (उशिरा उठणाऱ्यांनी हा विषय न घेतलेलाच बरा.) या बुरशीला पूर्वी स्क्लेरोटिनिया होमिओकार्पा म्हणत; 2018 मध्ये तिच्यासाठी क्लॅरिरीडिया ही नवी प्रजाती (जीनस) मांडली गेली, त्यामुळे संदर्भ शोधताना दोन्ही नावे वापरावी लागतात.

केवळ चट्टे पाहून निदान करण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. रोगट पात्यातून बुरशी वेगळी करणे, तिचा शुद्ध संवर्ध (प्रयोगशाळेत फक्त त्याच बुरशीची केलेली वाढ) तयार करणे आणि निरोगी गवतावर रोग पुन्हा निर्माण करून दाखवणे, यांपैकी जे केले असेल ते अर्जात ठळकपणे नोंदवावे.