‘स्टेप ओव्हर’ला ‘वगळा’ म्हणू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक जण अकरावी-बारावीच्या मुलांना पायथन शिकवायला कॉम्प्युटरवर चालणारं छोटं टूल बनवतायत, त्यात डीबगर (प्रोग्राम ओळीओळीने चालवून चूक शोधायची सोय) आहे आणि बटणं मराठीत हवीत. त्यांनी ‘स्टेप ओव्हर’ला ‘वगळा’, ‘स्टेप इनटू’ला ‘आत जा’ आणि ‘स्टेप आउट’ला ‘बाहेर या’ असं ठरवलंय, आणि शॉर्टकट म्हणून त्याच शब्दांची पहिली अक्षरं, म्हणजे व, आ, ब, द्यायचा विचार आहे. बरोबर वाटतं का?

‘आत जा’ छान आहे, स्टेप इनटूमध्ये त्या ओळीने बोलावलेल्या फंक्शनच्या (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याच्या) आत शिरून एकेक ओळ बघायची असते. बाकीच्याबद्दल बोलायला हवं.

‘वगळा’ तर अजिबात नको. वगळलं म्हणजे ते झालंच नाही. यादीतून नाव वगळलं, धडा परीक्षेतून वगळला. स्टेप ओव्हरमध्ये फंक्शन पूर्ण चालतं, फक्त आपण आत डोकावत नाही. आमच्याकडे एक नवीन मुलगा होता, त्याला कुणीतरी हेच सांगितलं होतं की ओव्हर म्हणजे ती ओळ गाळून पुढे, तर पठ्ठ्याने मेल पाठवणाऱ्या ओळीवर येऊन निवांत स्टेप ओव्हरची कळ, एफ-१०, दाबली, आणि टेस्टिंगच्या यादीऐवजी खरी यादी जोडलेली असल्यामुळे मेल खऱ्या ग्राहकांना गेले. चूक त्याची नव्हती, शब्दाची होती.

मग पहिल्यांदा सुचतं ते ‘ओलांडा’. मीही बरीच वर्षं तेच म्हणायचो. पण बघा, उंबरठा ओलांडला, नदी ओलांडली, यात उंबरठ्याने किंवा नदीने काही काम केलं असं कुठे येतं? ते नुसतं शब्दाला शब्द ठेवणं झालं. आपल्याकडे यासाठी तयार क्रियापद पडलंय, उरकणे. ‘आंघोळ उरकून घे’, ‘मधल्या मधे साखरपुडा उरकला’. काम पूर्ण होतं, पण त्याच्या तपशिलात कुणी रमत नाही, आणि नजर पुढच्या गोष्टीवर असते. स्टेप ओव्हर म्हणजे नेमकं हेच. म्हणून बटणावर ‘उरका’ लिहा. वर्गात दोन दिवस मुलं हसतील, पण अर्थ विसरणार नाहीत.

आणि मग स्टेप आउटही सुटतं. नुसतं ‘बाहेर या’ म्हटलं तर पिक्चर आवडला नाही म्हणून इंटरव्हलला उठून आलो तसं वाटतं, पण डीबगर तसं मधून उठत नाही, फंक्शनचं राहिलेलं सगळं चालवूनच (मधे एखादा ब्रेकपॉइंट, म्हणजे डीबगरला थांबायला सांगितलेली ओळ, लागली तर गोष्ट वेगळी) बाहेर येतो. तेव्हा ‘उरकून बाहेर’. बटणावर जरा लांब होतं खरं, पण चालेल.

मुळात गोची अशी आहे की इंग्रजीने एकच क्रियापद घेतलं, स्टेप, आणि त्याला इनटू, ओव्हर, आउट अशा तीन शेपट्या लावल्या. मराठीत हा खेळ शेपटीवर चालत नाही, आपण क्रियापदच बदलतो. शिरणे, उरकणे, निघणे. (मात्र ‘आत’ न लिहिता नुसतं ‘शिरा’ लिहू नका, टूलबारवर नाश्त्याचा मेनू दिसेल.)

ब्रेकपॉइंटला ‘थांबा’, हे तर एसटीने आधीच देऊन ठेवलंय. अट घातलेला ब्रेकपॉइंट असतो ना, एखादी अट खरी झाली तरच थांबणारा, त्याला मी वर्गात ‘विनंती थांबा’ म्हणतो, कुणी हात केला तरच गाडी थांबते, आणि गावाकडच्या मुलांना ते पहिल्या फटक्यात कळतं. फक्त बटणावर नुसतं ‘थांबा’ लिहिलंत की तो हुकूम वाटतो, म्हणून ‘थांबा लावा’, ‘थांबा काढा’ असं पूर्ण लिहा.

आता शॉर्टकट. पहिल्या अक्षराची कल्पना इंग्रजीतही पूर्ण जमलेली नाहीये. तिन्ही नावं एसवरूनच सुरू होतात, त्यामुळे जीडीबी नावाच्या डीबगरमध्ये स्टेप इनटूला नुसतं स्टेप म्हणजे एस, आणि स्टेप ओव्हरला नेक्स्ट म्हणजे एन, अशी नावंच वेगळी आहेत. मराठीत अक्षरं वेगळी मिळतात हे खरं, पण कीबोर्ड आडवा येतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये ‘व’ बीच्या कळीवर आहे आणि ‘ब’ वायच्या, आणि ‘आ’साठी शिफ्ट धरून ई दाबावं लागतं. ‘उरका’चा उ घेतला तरी शिफ्ट आलंच, शिफ्ट आणि जी. दर दोन सेकंदांनी दाबायच्या कळीला शिफ्ट नको. शिवाय मुलं कमेंट (कोडमधल्या टिपा) मराठीत लिहिणार, भाषा बदलायला विसरणार. माझंच सांगतो, पायथनच्या पीडीबी या डीबगरमध्ये मराठी कीबोर्ड चालू राहिला होता, एन दाबून एंटर मारलं तर तो म्हणतो ‘ल’ नावाचं काही डिफाइन केलेलं नाही! एनच्या कळीवर ल असतो, आणि पायथनला ल हे व्हेरिएबलचं नाव म्हणून चालतं, त्यामुळे बिचारा प्रामाणिकपणे ल शोधत बसला.

एफच्या कळा भाषा बदलली तरी बदलत नाहीत, म्हणून त्याच घ्या. पण कुठल्या? इथे शब्दांसारखेच फसवे मित्र आहेत. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि आपल्याकडे छडी, तसं व्हिज्युअल स्टुडिओत (हे आणि पुढची नावं प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरची) एफ-५ म्हणजे पुढच्या थांब्यापर्यंत सुसाट, आणि एक्लिप्समध्ये एफ-५ म्हणजे आत शिरणं. एक्लिप्सची रांग तशी सुंदर आहे, ५ आत, ६ उरका, ७ उरकून बाहेर, ८ सुसाट, पाऊल लहान ते मोठं. ज्यांनी कॉलेजात टर्बो सी केलंय त्यांच्या बोटात एफ-७ आणि एफ-८ बसलंय, इंटेलिजेमध्ये आत शिरायला आणि उरकायला अजून तेच.

तरी मी व्हिज्युअल स्टुडिओचा संच घ्या म्हणेन, व्हीएस कोडमध्येही तोच आहे आणि मुलं पुढे बहुतेक तिथेच जाणार. एफ-१० उरका, एफ-११ आत जा, शिफ्ट एफ-११ उरकून बाहेर, एफ-५ चालू, शिफ्ट एफ-५ बंद, एफ-९ थांबा. यात शिफ्टला व्याकरण आहे, ते ‘ना’सारखं उलटा अर्थ देतं, लायक-नालायक. इंटेलिजेत ते नाही, तिथे आत शिरायला एफ-७ आणि बाहेर पडायला शिफ्ट एफ-८, म्हणजे ‘उरका’च्या कळीला शिफ्ट लावून, ते पाठच करावं लागतं.

एक खटकणारी गोष्ट राहते, १० आणि ११ शेजारी शेजारी आहेत. चुकून आत गेलात तर उरकून बाहेर येता येतं, पण चुकून उरकलं की गेलं, बहुतेक डीबगरमध्ये मागे येता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून चालवा. तुमचं स्वतःचं टूल आहे तर मेल पाठवणं, फाइल पुसणं असल्या ओळींवर ‘उरका’ दाबल्यावर एकदा विचारायची सोय करा. आणि मॅकवाल्या मुलांना एफ-११ची कळ आधी मोकळी करायला सांगा, तिथे ती दाबली की सगळ्या खिडक्या बाजूला सरकून डेस्कटॉप दिसतो, आणि पोरं मला फोन करतात की सर, प्रोग्राम गायब झाला.