केबिनमधून : एक सिनेमा, तीन अवतार

गेल्या अंकात दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’वर चार ओळी काय लिहिल्या, या वेळची सगळी पत्रं त्याच्यावरच आली. त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिका-मेक्सिको सरहद्दीवरच्या गावात एका गाडीत बॉम्ब फुटतो. तिथं बायकोबरोबर हिंडत असलेला मेक्सिकन अधिकारी व्हार्गस (चार्ल्टन हेस्टन) तपासात पडतो आणि त्याची गाठ पडते हँक क्विन्लन नावाच्या अवाढव्य अमेरिकन पोलिसाशी (हा वेल्स स्वतः). गुन्हेगार ओळखायचं त्याचं नाक तिखट, पण पुरावा तो स्वतःच पेरतो. १९५८ चा, कृष्णधवल, आणि बराचसा रात्रीचा. पुढं कथा थोडी फुटणार आहे, आधीच माफी मागतो.

प्रश्न : काका, माझ्या ब्लू-रेवर वर-खाली बारीक काळे पट्टे येतात. जुन्या टेपवर हाच सिनेमा चौकोनी दिसायचा आणि माणसांच्या डोक्यावरचं छतसुद्धा जास्त दिसायचं. म्हणजे कंपनीनं चित्र कापलं ना?

कापलेलं नाही, झाकलेलं आहे. हे काम मी स्वतः वर्षानुवर्षं केलंय. प्रोजेक्टरच्या गेटमध्ये पत्र्याची एक चौकट बसते, आम्ही तिला मास्क म्हणायचो. फिल्मवर चित्र उंच असलं तरी मास्क जेवढं सोडेल तेवढंच पडद्यावर जातं. १९५३ नंतर अमेरिकेतली थिएटरं झपाट्यानं रुंद पडद्याकडे वळली. वेल्सनं हा सिनेमा १९५७ च्या सुरुवातीला चित्रित केला, तोवर उंचीच्या १.८५ पट रुंदी तिकडे रुळली होती. कॅमेरा मात्र पूर्ण फ्रेम टिपत राहायचा. टेप आणि टीव्हीवाल्यांनी ती पूर्ण फ्रेम, म्हणजे १.३७ ची, उघडी करून दाखवली. तुमचं जादा छत तिथलं.

यावर रसिकांची दोन तटांत भांडणं आहेत. २०११ साली ब्रिटनमधल्या ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’ या डिस्क काढणाऱ्या कंपनीनं तर मूळ आवृत्ती आणि १९९८ ची नव्यानं जोडलेली आवृत्ती (तिच्याबद्दल खाली) दोन्ही आकारांत देऊन टाकल्या, घ्या आणि ठरवा! चौकोनी पक्षाचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. वेल्स कॅमेरा जमिनीला टेकवतो, छतं दाखवतो, आणि छत जितकं दिसेल तितकी खोली अंगावर येते. पण माझं मत रुंद आकाराला. क्विन्लन पहिल्यांदा गाडीतून उतरतो तेव्हाचा खालून घेतलेला शॉट दोन्हीकडे लावून बघा. चौकोनात तो मोठा माणूस दिसतो. रुंद चौकटीत त्याला मावायलाच जागा नाही. वेल्स तेव्हा ४१ वर्षांचा होता बरं का, ते पोट आणि त्या डोळ्याखालच्या पिशव्या मेकअपच्या.

(मास्कवरून आठवलं. नवखा असताना एका खेळाला मी रुंद सिनेमाचा मास्क जुन्या चौकोनी सिनेमाला ठेवला. पहिलं रीळ संपेपर्यंत नायिकेला कपाळ नव्हतं. खाली पब्लिक ओरडत होतं आणि मला वाटत होतं, सिनेमा आवडलेला दिसतोय.)

प्रश्न : चार्ल्टन हेस्टन मेक्सिकन? चेहऱ्याला रंग फासून? आमच्या घरी सगळे हसले.

हसण्यासारखंच आहे. आज तर बघवत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की वेल्सला आधी नुसता नट म्हणून घेतलं होतं. दिग्दर्शनही त्यालाच द्या, हा आग्रह हेस्टनचा. तो रंग मी त्या खात्यावर वळता करून घेतो.

प्रश्न : डिस्क नवीन आहे, तरी चित्रात सतत मुंग्या चालल्यासारखं दिसतं. आणि काळा रंग काळा नाही, राखाडी आहे. डिस्क बदलून मागू का?

थांबा, डिस्कचा दोष नसावा. मुंग्या म्हणजे ग्रेन. फिल्मवर चित्र चांदीच्या कणांनी बनतं आणि दर फ्रेमला कण वेगळ्या जागी असतात, म्हणून ते हलतात. चांगल्या डिस्कवर ते दिसायलाच हवेत. ते पुसले की माणसांचे चेहरे मेणाचे होतात. तेव्हा टीव्हीचं ‘नॉइज रिडक्शन’ बंद करा, ‘शार्पनेस’ खाली आणा, आणि ते हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग असेल ते आधी मारा. त्यानं सिनेमाची मालिका होते. ‘व्हिव्हिड’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ ठेवा.

राखाडी काळ्याचं औषध असं. क्विन्लन हॉटेलच्या खोलीत ग्रँडी नावाच्या गुंडाचा गळा आवळतो तो प्रसंग लावा. बाहेरचा दिवा उघडझाप करत असतो. खोलीतला दिवा घालवा, तुमच्या खोलीतला. ब्राइटनेस एकेक घर खाली आणत जा. दिवा विझतो त्या क्षणी क्विन्लनचा कोट मागच्या भिंतीत पूर्ण विरघळला तर जास्त खाली गेलात. एक-दोन घरं परत वर या. कोटाची कड जेमतेम सापडली पाहिजे आणि पडद्याची काळी पट्टी मात्र खोलीच्या अंधारात मिसळली पाहिजे. कॅमेरामन रसेल मेटीनं तो अंधार मोजून ठेवलाय. आपण तो धुवून टाकायचा नाही, आणि त्याच्यावर डांबरही ओतायचं नाही. एवढं करूनही काळा रंग राखाडीच राहिला तर टीव्हीची तेवढीच ऐपत आहे असं समजा.

प्रश्न : एकाकी मोटेल, जॅनेट ली आणि विचित्र नोकर. हिचकॉकनं ‘सायको’त हे उचललं का?

‘सायको’ १९६० चा, म्हणजे दोन वर्षांनी. नायिका तीच, आणि कलादिग्दर्शनातले रॉबर्ट क्लॅटवर्दी दोन्हीकडे. उचललं म्हणून मी कुणाला कोर्टात खेचणार नाही, पण दोन्ही पाठोपाठ बघाल तर दुसऱ्या मोटेलात शिरताना तुमचाच पाय अडखळेल. मोटेलचा तो नोकर मात्र मला कधीच पचला नाही. दहा मिनिटांत त्याचा थरथराट नकोसा होतो.

प्रश्न : आमच्या संचात तीन सिनेमे आहेत. एक साधारण ९५ मिनिटांचा, एक १०८ चा, एक १११ चा. खरा कोणता? मेहुणे म्हणतात १९९८ चा, कारण तो वेल्सचा स्वतःचा. मला मात्र सुरुवातीचं संगीत हवं आणि ते त्यात नाही!

२०१४ च्या युनिव्हर्सलच्या ब्लू-रेत आणि २०२२ च्या किनो लॉर्बरच्या फोर-के संचातही हे तिन्ही आहेत, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याच घरांत पेटलेला असणार. मेहुण्यांना सांगा, तिन्हींपैकी एकही वेल्सचा नाही. संकलन त्याच्या हातून काढून घेतलं होतं, आणि काही प्रसंग हॅरी केलर नावाच्या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून नव्यानं करून घेतले होते. वेल्सला तो जोडलेला सिनेमा एकदा दाखवला. त्यानं डिसेंबर १९५७ मध्ये स्टुडिओला ५८ पानांचं टिपण पाठवलं : हे इथं हलवा, हे काढा, हा आवाज असा ठेवा. थोडंफार ऐकलं, बरंचसं नाही. १९५८ ला थिएटरांत गेला तो लहान सिनेमा. १०८ मिनिटांची प्रत त्याआधीच्या चाचणी-खेळाची, ती सत्तरच्या दशकात सापडली. आणि १९९८ चा सिनेमा संकलक वॉल्टर मर्च यांनी ते टिपण समोर ठेवून जोडला. वेल्स १९८५ लाच गेला होता, म्हणजे ‘ठीक आहे’ म्हणायला तो नव्हता. केलरचे काही तुकडे त्यातही आहेतच.

तरी पहिल्यांदा बघणाऱ्याला मी १९९८ चाच लावून देईन. एका बारक्या गोष्टीसाठी. क्विन्लनचा जुना साथीदार मेंझीस आहे ना, त्याचा एक जवळून घेतलेला चेहरा वेल्सनं काढायला सांगितला होता आणि मर्चनी तो काढला. काही सेकंदांचा तुकडा. पण तो असला की मेंझीस पुरावे पाहताक्षणी ढेपाळल्यासारखा वाटतो, नसला की तो क्विन्लनला धरून राहतो आणि मग शेवटी जे करतो त्याला वजन येतं. हे कळायला मला दोन वेळा सलग बघावं लागलं.

आता संगीत. सुरुवातीचा तो न तुटलेला, तीन मिनिटांहून लांब शॉट : हात बॉम्बचं घड्याळ लावतो, गाडीच्या डिकीत ठेवतो, आणि कॅमेरा क्रेनवरून उचलून गावभर हिंडतो. १९५८ मध्ये त्यावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं ते ठेका धरायला लावणारं संगीत. मलाही ते पाठ आहे. मर्चचं काम पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, घरात चोरी झाली. नावं शेवटी नेलीत, संगीत गायब, उरला नुसता रस्त्याचा गलबला.

मग एकदा, चष्मा सापडत नव्हता म्हणून, मी तो तुकडा डोळे मिटून ऐकला. प्रत्येक क्लबच्या दारातून वेगळं गाणं येतं, जवळ येतं, मागं पडतं. आणि त्या गाडीत रेडिओ चालू आहे. रेडिओ मोठा झाला की गाडी शेजारी आली, लहान झाला की पुढं गेली. बॉम्ब कुठं आहे ते कानाला कळत असतं. चालत जाणारं जोडपं गाडीच्या पुढं-मागं होत राहतं आणि दर वेळी तो रेडिओ परत येतो. वेल्सनं टिपणात हेच मागितलं होतं. शेवटी पुलाखालीही आवाजच घात करतो, क्विन्लनला स्वतःच्याच बोलण्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो आणि कुणीतरी टेप करतंय हे त्याला उमगतं. सुरुवात कानानं केली असेल तर तो पूल जास्त लागतो.

तेव्हा १९९८ चा सिनेमा पूर्ण बघा. मॅन्सिनीची आठवण आलीच तर त्याच संचातून १९५८ चा काढा, पहिली तीन मिनिटं लावा आणि स्फोट झाला की बंद करा. मी तेच करतो. मेहुण्यांना सांगू नका.