ऊसतोडीच्या गावात वाचनवर्ग सुरू करताना

ताई, बीडकडं ऊसतोड बायकांसाठी वाचनवर्ग सुरू करताय तर आधी हंगाम बघा. ऊसतोडीला माणसं दिवाळीच्या आगेमागे निघतात, परततात मार्च-एप्रिलला. म्हणून जून ते दिवाळी एवढेच महिने धरून चाला. वेळ रात्री जेवणं उरकल्यावरची, 45 मिनिटं पुरे.

'अ आ इ ई' घोकून घेऊ नका. पंधरवडाभर एकही शब्द वाचता आला नाही की मोठी माणसं गळतात. घर, नळ, बस हे तीन शब्द घ्या. त्यातल्या सहा अक्षरांतून रस, बळ, सरळ बायका स्वतःच जुळवतील. मग फक्त काना द्या: बाळ, घास, नारळ. वेलांटी, उकार, मात्रा पुढं, आठवड्याला एकच. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एका दिवशी कधीच शिकवू नका, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा गोंधळ होतो. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी.

महिन्याभरानं एसटीची पाटी, रेशनकार्ड, वीजबिल वाचायला द्या. आणि फडावर जाताना प्रत्येकीच्या गाठोड्यात मोठ्या टायपाचं एक पातळ पुस्तक द्याच. पाच महिने काही वाचलं नाही तर नव्यानं शिकलेली अक्षरं पुसट होतात.