शंका-समाधान : सरपंचबाई ‘भांडलो’ कशा म्हणतील?

प्रश्न : मी घरबसल्या भाषांतराची कामं करते. हल्ली एजन्सी इंग्रजी मजकूर आधी एआयमधून मराठीत काढते आणि मला फक्त ‘तपासायला’ पाठवते, निम्म्या दराने. मागच्या महिन्यात एका सरपंचबाईंचं मनोगत आलं. त्यात बाई म्हणतायत, ‘मी तहसीलला गेलो, मी ठरवलं, मी भांडलो.’ ही साधी चूक की पक्षपात? एजन्सीवाले म्हणतात, यंत्राला काय बाई-पुरुष कळतंय!
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : कळत नाही, म्हणूनच अंदाज ठोकतं. इंग्रजीत ‘आय वेन्ट’ बाईचंही चालतं आणि बुवाचंही. मराठीत ‘गेलो’ की ‘गेले’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मग शिकताना वाचलेल्या मजकुरात जे जास्त वेळा आलं, ते उमटतं. आपला छापील मजकूर वर्षानुवर्षं कोणी लिहिला, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमचं पत्र वाचून मी ‘द डॉक्टर केम’ आणि ‘द नर्स केम’ एवढंच देऊन पाहिलं. आलं ते असं : ‘डॉक्टर आले’, ‘नर्स आली’. लिंगाचं सोडा, मान बघा. डॉक्टरांना आदरार्थी बहुवचन, नर्सला साधं ‘आल्या’सुद्धा नाही! माझी बहीण सिव्हिलमध्ये सिस्टर होती. तिला दाखवलं तर म्हणाली, “अगं, वॉर्डात असंच बोलायचे.”

भाषेत हे हसण्यावारी नेता येतं, नोकरीत नाही. अ‍ॅमेझॉनने अर्ज चाळणारी एक प्रणाली केली होती. दहा वर्षांचे जुने अर्ज वाचून ती शिकली आणि ते अर्ज बहुतेक पुरुषांचे. अर्जात ‘विमेन्स’ शब्द दिसला, अगदी महिला बुद्धिबळ क्लबची कॅप्टन म्हणून का असेना, की ती गुण कापायची. रॉयटर्सने 2018 मध्ये ही बातमी दिली, तोवर कंपनीने ती मोडीत काढली होती.

आता तुमचं काम. मजकूर टाकण्याआधी ‘बोलणारी स्त्री आहे’ असं लिहायला एजन्सीला सांगा. बरंच सुधारतं, पण चार परिच्छेदांनी गाडी पुन्हा ‘गेलो’वर येते. ‘ठरवलं’, ‘केलं’ नडत नाहीत, ती दोघांना सारखीच. ‘गेलो’, ‘भांडलो’, ‘थकलो’, ‘जातो’ अशी रूपं एकेक करून शोधा. ह्याला वेळ लागतो आणि तो वेळ बिलात लावा. ही तपासणी नव्हे, अर्धं भाषांतरच आहे.

फक्त सरपंचबाई कोल्हापूरकडच्या नाहीत ना, तेवढं आधी विचारून घ्या. माझी आत्या तिकडची, जन्मभर ‘मी आलो, मी जातो’ म्हणत आली. तिचं मनोगत असतं तर यंत्राचं चुकून बरोबर आलं असतं, आणि तुम्ही ते सुधारून ठेवलं असतंत.