‘उंदीर तुटून पडले की हायसं वाटतं’

आक्रमकतेवर प्रयोग करणारे संशोधक विद्यार्थी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, ते झोप लागत नाही म्हणून, नाहीतर गाइडशी पटत नाही म्हणून. खरी गोष्ट दाराशी पोचल्यावर निघते : "उंदीर दुसऱ्या उंदरावर तुटून पडला की मला हायसं वाटतं. मी निर्दयी होत चाललेय का?" असे अनेक जण मिसळून इथे एकच ‘ती’ केली आहे.

तिची चाचणी रेसिडेंट-इंट्रूडर, म्हणजे घरचा उंदीर आणि घुसखोर. एका नराला मादीसोबत आठवडाभर ठेवायचं, तेवढे दिवस बेडिंग (पिंजऱ्यातलं अंथरूण) बदलायचं नाही, कारण त्या वासानेच पिंजरा त्याचा होतो. (कुणी उत्साहाने पिंजरा स्वच्छ केला की भांडणही धुऊन जातं.) चाचणीआधी तासभर मादी बाजूला काढायची. मग अनोळखी, वजनाने थोडा कमी नर आत सोडायचा आणि 10 मिनिटं बघायचं : पहिला हल्ला किती सेकंदांनी होतो, म्हणजेच लेटन्सी. आधी भेटलेला इंट्रूडर पुन्हा चालत नाही.

पहिल्या भेटीत मी विचारलं, "हल्ला झालाच नाही तर?"

"दिवस वाया."

"वहीत काय लिहितेस?"

"600 सेकंद. पूर्ण वेळ."

"म्हणजे आकडा मिळाला की!"

ती हसली, पण पटलं नव्हतं. अपराधीपणाशी वाद घालून तो जात नाही, असं माझं जुनं मत. त्याला एखादं काम द्यावं. म्हणून तिसऱ्या भेटीत म्हटलं, "चावण्याआधीचा एक मिनिट मला दाखव."

ती खुर्चीतच वाकली. "आधी हुंगतो. मग अंगावरचे केस फुगतात. शेपटी बेडिंगवर फडफडते, तो आवाज लांबूनही कळतो. मग असा आडवा, कडेकडेने सरकतो. दुसरा मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पंजे वर करतो, म्हणजे नमलो. चावा बहुतेक पाठीवर, कुशीवर. पोटावर, गळ्यावर आला तर काहीतरी बिघडलंय." बोलता बोलता थांबली. "मी तर हे सगळं वाचत असते."

इथे मी मुद्दाम बराच वेळ गप्प बसलो. तिचं हायसं वाटणं जखमेमुळे नव्हतं, इशारा ओळखता आल्याचं होतं. मग बोचत काय होतं? हातात स्टॉपवॉच, आणि थांबवायचं कधी हे कुठेच लिहिलेलं नाही. निर्दयपणाची भीती बहुतेकदा या मोकळ्या जागेतून येते, असं मला आता ठामपणे वाटतं.

तेव्हा सगळ्यांना सांगतो तेच तिलाही सांगितलं. थांबण्याचा नियम प्रयोगाआधी लिहा : रक्त दिसलं, चावा पोटावर-गळ्यावर गेला, किंवा नमलेल्यावरही हल्ला सुरूच राहिला, की चाचणी बंद. फक्त पहिल्या हल्ल्याची वेळच हवी असेल तर पुढची मिनिटं कशाला? मध्ये हात घालू नका, चावा तुम्हालाच बसेल. पिंजऱ्याच्या रुंदीची पारदर्शक फळी हाताशी ठेवा. नंतर दोघांचीही कातडी केस बाजूला सारून तपासा. छोटी जखम केसांत लपते. नैतिक समितीच्या अर्जातही हाच नियम शब्दशः घाला.

पाचव्या भेटीला ती उशिरा आली.

"काल फळी टाकली. गळ्याकडे गेला होता."

"मग डेटा?"

"लेटन्सी 220 सेकंद, 241 ला थांबवलं. कारणाच्या रकान्यात ‘गळा’ लिहिलंय."