चेटकिणीची टोपी

प्रश्न : परीकथेतली चेटकीण काढताना तिची टोपी डोक्यावर नुसती ठेवल्यासारखी दिसते. काय चुकत असावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण टोपीचा काठ बहुधा सरळ रेषेत काढत असाल, पण प्रत्यक्षात तो लंबवर्तुळाकार दिसतो, म्हणून आधी पूर्ण डोके रेखाटून, कपाळावरून मागे वळणारी रेषा आखावी आणि तिच्याभोवती रुंद काठ काढून मगच शंकू उभारावा. शेंडा किंचित वाकवल्यास टोपी वापरातली वाटते. झग्यासाठी घरातली सोलापुरी चादर खुंटीला टांगून पाहावी : जाड सुती कापडाच्या चुण्या मोजक्या, रुंद आणि खुंटीपासून खाली फाकत जाणाऱ्या असतात. झाडू मात्र केरसुणीसारखा नको. युरोपीय कथांतला झाडू म्हणजे लांब दांड्याला बांधलेली काटक्यांची जुडी, आपल्या खराट्याचा थोरला भाऊच.