खालचा आकडा, आवळलेल्या धमनिका आणि घोट्यांची सूज

इको आणि ईसीजी या हृदयाच्या तपासण्या व्यवस्थित असूनही रक्तदाबाचा खालचा आकडा (दोन ठोक्यांच्या मधला दाब) शंभराच्या आत येत नाही, आणि ॲम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी सुरू केल्यापासून घोटे सुजतात, तर मूत्रपिंड बिघडले असेल का, असे आपण विचारले आहे. मी याच त्रासातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय आपल्या डॉक्टरांचाच.

रक्तदाब हृदय किती रक्त ढकलते यावर जसा ठरतो, तसाच पुढे त्या रक्ताला किती विरोध होतो यावरही. हा विरोध मुख्यतः धमनिकांमध्ये, म्हणजे केशवाहिन्यांच्या अलीकडील बारीक धमन्यांमध्ये होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ प्वाझय यांनी १८४० च्या सुमारास मांडलेल्या नियमानुसार नळीची त्रिज्या निम्मी झाली तर विरोध १६ पट होतो. अवघी १० टक्के घटली तरी सुमारे दीडपट. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात मोठ्या धमन्यांतील रक्त धमनिकांतूनच पुढे सरकते, आणि त्या आवळलेल्या असल्या की ते सावकाश सरकते व खालचा आकडा चढा राहतो.

ॲम्लोडिपिन धमनिका सैल करते, परंतु केशवाहिन्यांपलीकडच्या सूक्ष्म शिरा तितक्या सैल होत नाहीत. परिणामी केशवाहिन्यांतील दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपते, आणि संध्याकाळी घोट्यावर बोट दाबले की खळगा पडतो.

माझे सर्वाधिक नुकसान इथेच झाले. मी दाखवत असलेल्या दवाखान्यात सूज पाहताच लघवी वाढवणारी गोळी जोडली गेली. अशा सुजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही. सूज तशीच राहिली, पोटॅशियम मात्र उतरले आणि पायांत गोळे येऊ लागले. सूज कोणत्या गोळीनंतर आली, एवढा साधा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही, आणि हे मला आजही अक्षम्य वाटते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी ॲम्लोडिपिनची मात्रा निम्मी करून सोबत टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचेच दुसरे औषध दिले, जे शिरांची बाजूही सैल करते. मग सूज ओसरली आणि दाबही आटोक्यात राहिला. प्रत्येकाला हेच लागू पडेल असे नाही.

तरीही मूत्रपिंड ठीक आहे ना हे पाहण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने एकदा तपासून घ्यावीत. चेहरा सुजला, धाप लागली किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर वाट पाहू नये. गोळी परस्पर बंद करू नये. ती कधी सुरू झाली आणि सूज कधी दिसली, हे लिहून न्यावे. सर्दीसाठी काही घेत असाल तर तेही सांगावे, कारण सर्दीच्या काही गोळ्यांत असलेले स्यूडोएफेड्रिन रक्तवाहिन्या आवळते.